ओरिएन्तेचा बुधला

हवाना, ८ ऑगस्ट १९७६

प्रिय नेरेइदा,

उत्तराला उशीर झाला, राग धरू नकोस. आई गेल्याची तुझी तार आली तेव्हा अबेलार्दोच्या खात्यात परदेशी पाहुणे आले होते आणि घरात रोज कुणी ना कुणी जेवायला असायचं. निघणं शक्यच नव्हतं. बाराकोआ काही शेजारच्या गल्लीत नाही. मी पोचेपर्यंत सगळं उरकलंच असतं. इथल्या इथे मी खूप रडले, तुला पटणार नाही, पण रडले.

आता कामाचं. नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला इदाल्मिसला पंधरा वर्षं पूर्ण होतात. गुलाबी झगा शिवायला टाकला आहे, नाचाच्या जोड्यांची तालीम सुरू आहे, अबेलार्दोचे वरिष्ठ सपत्नीक येणार आहेत. केक आणि थोडी बिअर रेशनवर मिळेल, पण पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखं पेय कुठेच मिळत नाही. इदाल्मिस पोटात असताना आईने फळं आणि उसाची दारू घालून जो बुधला भरला होता आणि मागच्या अंगणात नीरफणसाखाली पुरला होता, तो आठवतो ना? तो काढून पाठव. तो मुलीच्या पंधराव्यासाठीच तर आहे.

तू स्वतः येण्याची दगदग करू नकोस. रस्ता लांबचा, तुझे गुडघे दुखतात, शिवाय इथे झोपायलासुद्धा जागा नसेल. ट्रकने पाठवलास तरी चालेल. बुधल्याच्या गळ्यात आईने रंगीत चिंधी बांधलेली असेल, ती काढून टाक. पाठवणाऱ्याचं नावही वर घालू नकोस, उगाच चौकशा होतात.

पेपरात वाचलंस ना? ओरिएन्ते प्रांत संपला. त्याचे पाच तुकडे केले, बाराकोआ आता ग्वांतानामो प्रांतात. पुढच्या पाकिटावर तसंच लिही. एका परीने बरंच झालं. तो जुना शब्द ऐकला की इथल्या लोकांना हसू येतं.

तुझी,
मिग्दालिया


बाराकोआ, ओरिएन्ते, २० ऑगस्ट १९७६

ओनेलिया,

आपण दोघी एका गल्लीत वाढलो, एकाच नदीत पोहायला शिकलो, म्हणून आडपडदा न ठेवता विचारते. माझ्या बहिणीचं डोकं दर पंधरवड्याला तुझ्या गरम कंगव्याखाली असतं. त्या डोक्याच्या आत काय आहे आणि बाहेर काय आहे, ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

तिचं पत्र आलं. तिला आईने पुरलेला बुधला हवा आहे. आईचं मरण तिने चार ओळींत उरकलं आणि बुधल्याला अख्खं पान दिलं. मी येऊ नये म्हणून माझ्या गुडघ्यांची तिला एवढी काळजी की मलाच गुडघ्यांचं कौतुक वाटायला लागलं. वर म्हणते ओरिएन्ते संपला. ओरिएन्ते म्हणजे पूर्व, ओनेलिया. सूर्य उगवायची बाजू. कागदावर शिक्का मारून ती कशी संपवतात ते मला एकदा बघायचं आहे.

पण मला विचारायचं आहे ते दुसरंच. इदाल्मिस आठ-नऊ वर्षांची असताना आई तिला बघायला हवानाला गेली होती. ताडाच्या पानांचे द्रोण वळून त्यात खोबऱ्याचं गोड भरून घेऊन गेली. जाताना महिनाभर राहते म्हणाली आणि आठवड्याच्या आत परत आली. मी चिडवलं, राजधानी मानवली नाही वाटतं. ती म्हणाली, “पोरीचे डोळे माझ्यावर गेलेत.” तेवढंच. त्यानंतर मरेपर्यंत तिने तो द्रोण कधी वळला नाही. गल्लीतली पोरं मागायची, ती म्हणायची हात दुखतात. हात दुखत नव्हते. त्याच हातांनी ती कॉफी कांडत होती.

त्या आठवड्यात तिथे काय झालं? तू तिकडेच होतीस. खरं सांग. मला गोड करून सांगू नकोस.

नेरेइदा


हवाना, ५ सप्टेंबर १९७६

अगं नेरेइदा,

हे पत्र कधीतरी येणार हे मला माहीत होतं. तुझ्या आईने, फेलीपा मावशीने, माझ्याकडून शब्द घेतला होता. आता तीच राहिली नाही, तेव्हा शब्दही तिच्याबरोबर पुरला असं समजते.

तुझ्या बहिणीने नवऱ्याला, अबेलार्दोला, आणि सगळ्या सासरी काय सांगितलंय ते तुला ठाऊक नाही. ती म्हणे हवानातच जन्मली, आईबाप लहानपणीच वारले, नन्सच्या शाळेत वाढली. रंग तिने तुमच्या स्पेनमधल्या गालिसियाहून आलेल्या गोऱ्या बापाचा घेतला, केस मी सरळ करून देते, बोलणं तिने स्वतः घासूनपुसून घेतलं. झोकात गाऊन बोलण्याची आपली तऱ्हा तिच्या तोंडातून गेली. तिची सासू दोन्या एर्मिनिया, म्हणजे एर्मिनिया बाईसाहेब, जुन्या घरंदाज हवानातली. राज्य बदललं तरी नाकाचा कोन बदललेला नाही.

त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे जेवायला होते, म्हणून मी दुपारपासून तिचे केस करायला गेले होते. दारावर थाप पडली. मोलकरीण आता नसते, म्हणून दार दोन्या एर्मिनियांनीच उघडलं. बाहेर फेलीपा मावशी. गाठोडं डोक्यावर, द्रोण हातात, पायात नवे बूट, तेही चावत असणार. दोन्यांनी विचारलं, “कोण ही?”

मिग्दालिया माझ्या खुर्चीवरून उठली. अर्धे केस सरळ, अर्धे तसेच. मावशीकडे बघून म्हणाली, “आमच्याकडे धुणं धुवायला होती. मला अंगाखांद्यावर खेळवलंय हिने.”

मी कंगवा हातात धरून उभी होते. मावशी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, “हो बाईसाहेब. लहानपणी फार रडायची ही.”

मग तिला स्वयंपाकघरात बसवलं. पाहुणे जेवून उठल्यावर तिने सगळ्यांची भांडी घासली. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी थांबवलंही नाही. केळं हवं होतं तर तिने आपल्यासारखं ‘गिनेओ’ म्हटलं, बाहेर हशा पिकला, आणि त्यात तुझी बहीणही हसली. इदाल्मिस तेवढी आत जाऊन खोबऱ्याचं खात तिच्याजवळ बसली होती. संध्याकाळी मावशी दिसेना म्हणून मी शोधायला गेले. ती समुद्राच्या कठड्याखाली दगडांवर वाकून तोंड धूत होती, खाऱ्या पाण्याने. मी म्हटलं, “अगं, घरी नळ आहे.” ती म्हणाली, “नळाच्या पाण्याने डोळे लाल झालेले दिसतात. खाऱ्याने झाले की लोक म्हणतात समुद्र लागला.” राहिलेले दिवस ती माझ्याच खोलीत राहिली.

मी गप्प बसले कारण माझं पोटही त्याच कंगव्यावर चालतं. हे तुला आवडणार नाही, पण खरं आहे.

माझ्याकडे एका खलाशाची बायको येते. ती सांगत होती, एक्वादोर, बोलिव्हिया, ग्वातेमाला, जिथे जाऊ तिथे एकेक ओरिएन्ते असतोच. कुठे जंगलाला म्हणतात, कुठे कुरणांना. मी विचारलं, त्यातल्या एखाद्या ओरिएन्तेत राजधानी आहे का? म्हणाली, एकातही नाही. म्हटलं, झालं तर मग, तिथेही कुणीतरी आईला धुणेवाली करत असेलच.

ओनेलिया


बाराकोआ, ओरिएन्ते, २८ सप्टेंबर १९७६

लाडके मिग्दालिया,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. आई गेल्यापासून घर खायला उठतं, त्यात कुणी आठवण काढली की तेवढाच आधार.

बुधला पाठवते, अगदी निर्धास्त राहा. नीरफणसाखालची जागा मला डोळे मिटून सापडते. कुको नारळाचा ट्रक घेऊन हवानाला येतो, त्याच्याबरोबर देते. तो घाटातून एवढ्या जपून उतरतो की अंडीसुद्धा फुटत नाहीत. चिंधी काढते. नाव घालत नाही. मी येत नाही. तुझ्या मनासारखं सगळं होईल.

एकच सांगणं. आपल्या घरची रीत विसरू नकोस. तुझ्या पंधराव्याला आईनेच पहिला पेला घेतला होता, उभ्याने, सगळ्यांच्या देखत, मध्ये श्वास न घेता. मुलीचं आयुष्य भरल्या पेल्यासारखं जावं म्हणून. तेव्हा पहिला पेला तू घे आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवू नकोस. ज्या बाईने तुला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्या हातचं आहे ते. तिचा एवढा मान ठेव.

इदाल्मिसला मावशीचा पापा. मावशी म्हणून सांगायचं नसेल तर नुसताच दे.

तुझी थोरली,
नेरेइदा


बाराकोआ, ओरिएन्ते, २० ऑक्टोबर १९७६

ओनेलिया,

बुधला निघाला. आता ऐक, आणि वाचून हे पत्र चुलीत घाल.

मी तो खणून काढला. आईने वर मेण इतकं जाड ओतलं होतं की सुरी मोडली. आतलं मी काढून घेतलं. त्याचं काय केलं ते तुलाही सांगत नाही. तळाची थोडी फळं, मनुका आणि पपईचे तुकडे, दिसण्यापुरते राहू दिले. मग घागर घेऊन समुद्रावर गेले, लाटेपलीकडचं स्वच्छ खारं पाणी भरलं, त्यात समुद्रबदामाची वाळकी पानं घालून ठेवली. दोन दिवसांत असा रंग आला की आईसुद्धा फसली असती. पुन्हा मेण ओतलं. वरून तोच बुधला, तीच माती, तोच रंग.

कालवण खारट झालं म्हणून कुणाचा जीव जात नाही, तिचाही जाणार नाही. पण ती उभी राहील तिच्या गुलाबी झग्याच्या पोरीशेजारी, साहेब बघतायत, सासू बघतेय, आणि पेला तळापर्यंत प्यायचा आहे. ज्या पाण्याने माझ्या आईने तिच्या दारात तोंड धुतलं, ते तिने पोटात घालायचं. थुंकली तर सगळ्यांसमोर फजिती. गिळली तर गिळली. आणि ती ओरडूही शकणार नाही, कारण याची चव ही नव्हे, असं म्हणायचं तर खरी चव कुठे घेतली होतीस, याचं उत्तर द्यावं लागेल. मी या एका गोष्टीवर सबंध महिना विचार केला आहे, ओनेलिया. इतका विचार मी लग्न करायचं की नाही यावरसुद्धा केला नव्हता.

तुला एकच काम. तू केसांच्या निमित्ताने तिथे असशील. तिचं तोंड बघ. भुवया कुठे गेल्या, ओठ कसे झाले, डोळ्यांत पाणी आलं का, सगळं लिहून पाठव. मला तिथे यायला बंदी आहे, तेव्हा माझे डोळे म्हणून जा.

नेरेइदा


हवाना, ६ नोव्हेंबर १९७६

नेरेइदा,

पत्र चुलीत घातलं, पण झोप काही लागली नाही. बुधला पोचला आहे. तुझ्या बहिणीने तो जेवणाच्या खोलीत कपाटावर ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की एका जुन्या मळ्यावरून खास मागवलाय. कुठल्या मळ्यावरून, ते कुणी विचारलं नाही. चिंधी तू काढलीस, पण मेणात तिचा एक धागा राहिलाय. मी बघितला. तिनेही बघितला असणार, कारण काल मी गेले तेव्हा ती स्टुलावर चढून त्या बुधल्याला नाक लावून उभी होती. मला बघून म्हणाली, धूळ पुसत होते.

मला काळजी वाटते ती पोरीची. परवा केस कापायला आली होती. आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, “ओनेलिया काकी, मी लहान असताना एक म्हातारी धुणेवाली आली होती, आठवते? तिने मला खोबऱ्याचं दिलं होतं. ती परत का नाही आली?” म्हटलं, म्हातारी माणसं जातात गावाकडे. ती म्हणाली, “तिचे डोळे किती छान होते.”

तिला काही माहीत नाही, नेरेइदा, आणि तो बुधला तिच्या नावाचा आहे. तीही पिणारच ना? मावशीने तिच्यासाठी भरलेला बुधला, आणि पोरीच्या तोंडी पहिला घोट खारा. अजून वेळ आहे. मी तो फोडते, मांजर उडी मारून गेलं म्हणते. नुसतं हो म्हण.

ओनेलिया


बाराकोआ, ओरिएन्ते, १५ नोव्हेंबर १९७६

ओनेलिया,

नाही.

मांजराचं नाव घेऊ नकोस आणि बुधल्याला हात लावू नकोस. माझ्या आईला दगडांवर वाकून तोंड धुताना तू पाहिलंस, मी नाही. मी ते रोज बघते. सकाळी दात घासताना बघते, बाजारात मासे घेताना बघते. त्यावर उतारा म्हणून मला तिचं तोंड वाकडं झालेलं हवं आहे. मला क्षमाबिमा काही नको. मी चांगली बाई आहे असं मी कधी म्हटलं नव्हतं.

पोरीला एक खारा घोट मिळाला तर मिळाला. तिची आजी समुद्रकाठची होती, तिला चालेल.

ता. क. पोरीच्या पेल्याला तुझं कोपर लागून तो सांडला, तर माझी हरकत नाही. पण फक्त पोरीच्याच.

नेरेइदा


हवाना, २९ नोव्हेंबर १९७६

नेरेइदा, नेरेइदा,

खुर्ची ओढून नीट बस आणि वाच. मी पाहिलं तेवढं सगळं लिहिते, मधे स्वतःचं काही घालत नाही.

नाच झाला, केक कापला, अबेलार्दोच्या साहेबांनी भाषण केलं. मग बुधला टेबलावर आणला. अबेलार्दोने मेण फोडलं. सगळे म्हणाले, काय रंग आहे. मी भिंतीला टेकून उभी.

पहिला पेला तिने घेतला का? छे. शहाणी तुझी बहीण. हसून म्हणाली, “पहिला मान घरच्या मोठ्या माणसाचा,” आणि भरलेला पेला दोन्या एर्मिनियांच्या हातात दिला. दुसरा साहेबांना, तिसरा त्यांच्या बायकोला, असं करत सगळ्या खोलीत पेले गेले. इदाल्मिसच्या हातात पेला आला तसं मी कोपर मारलं. सांडला, झग्यावर नाही, देवाची कृपा. तिने लगेच दुसरा उचलला. मला काय हजार कोपरं आहेत?

“पंधरा वर्षांच्या मुलीसाठी,” साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी एकदम तोंडाला लावला.

अगं, कुणी थुंकलं नाही. एकानेही नाही. घराण्याची माणसं ती, साहेबांच्या समोर उभी. सगळ्यांच्या भुवया केसांत गेल्या, माना आवळल्या, आणि सगळ्यांनी गिळलं. साहेब म्हणाले, “वा. वेगळंच आहे.” त्यांची बायको म्हणाली, “कडक आहे, नाही?” एक जण दुसऱ्याला समजावत होता की जुन्या पेयाला अशी खारट झाक येतेच. तुझं खारं पाणी हवानाच्या बड्या लोकांनी तळापर्यंत प्यायलं, नेरेइदा, आणि वर नावाजलं. कुणाला याची खरी चव माहीतच नाही, तर बिघडलंय हे कळणार कुणाला? पोरीनेही अर्धा पेला गिळला आणि हसायचा प्रयत्न केला.

मिग्दालियाने सगळ्यांत शेवटी घोट घेतला. आता तू विचारलेलं तिचं तोंड. पहिला घोट जिभेवर गेला आणि ती थिजली. भुवया हलल्या नाहीत, ओठही नाहीत. नुसता रंग गेला. तिने तो घोट तोंडातच धरला, कितीतरी वेळ. मग गिळला. मला वाटलं, झालं, तुझं काम झालं, आता ती हसून पेला खाली ठेवेल आणि कुणालाच काही कळणार नाही.

तेवढ्यात दोन्या एर्मिनिया रुमालाने ओठ टिपत म्हणाल्या, “मळ्यावरचं म्हणे. हे तर ओरिएन्तेतलं दिसतंय. तिकडची माणसं असलंच पितात. डुकरं तरी पितील का हे?” आणि लोक हसले. सुटल्यासारखे हसले, कारण आता न आवडायला परवानगी मिळाली.

मिग्दालिया म्हणाली, “नाही.”

दोन्या म्हणाल्या, “काय नाही?”

“तिकडची माणसं हे पीत नाहीत. हे समुद्राचं पाणी आहे.” एवढं म्हणून ती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. “तिकडचं असं नसतं. त्यात अननस असतो, पपई असते, मनुका असतात, जळलेल्या साखरेचा वास असतो, आणि ते घशातून उतरतं तेव्हा कळतसुद्धा नाही. माझ्या पंधराव्याला मी प्यायले आहे. सगळ्या बाराकोआत माझ्या आईसारखं कुणाला जमत नव्हतं.”

आणि नेरेइदा, बोलताना तिचा सूर वर-खाली जायला लागला. गाऊन बोलत होती. आपल्यासारखी.

इदाल्मिस म्हणाली, “तुझी आई तर तू लहान असतानाच गेली ना?”

“मे महिन्यात गेली. तिचं नाव फेलीपा. तुला खोबऱ्याचं दिलं होतं तिने.”

पोरीने सगळ्यांच्या देखत विचारलं, “मग तिला भांडी का घासायला लावलीस?”

हेच हवं होतं ना तुला? मीही तेच म्हणत होते मनात, हेच हवं होतं. पण मला पुढे बघवेना, म्हणून मी पेले गोळा करायला लागले.

ओनेलिया


हवाना, १२ डिसेंबर १९७६

नेरेइदा,

समुद्रबदामाची पानं तू जरा जास्तच घातलीस. आईच्या बुधल्याला इतका गडद रंग कधीच नसायचा. मी कपाटावर बघूनच ओळखायला हवं होतं.

मी रागावलेली नाही. रागवायचा प्रयत्न करून बघितला. दोन्या एर्मिनिया माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं मला एवढं काही वाटत नाही. अबेलार्दोला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगायला बसले, तर तो म्हणाला, “मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तू झोपेत बोलतेस तेव्हा गाऊन बोलतेस. तुला लपवायचं होतं, म्हणून मीही गप्प राहिलो.” मला आधी हायसं वाटलं आणि मग तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं. म्हणजे कुणालाच नको असताना मी आईला धुणेवाली केली. कुणी मागितलंसुद्धा नव्हतं.

बुधला मी पाहुण्यांसाठी मागवला असं तुला वाटलं असेल. तसंच लिहिलं होतं मी. पण मला तो पेला हवा होता. आई गेल्यावर मला रडू येत नव्हतं, नेरेइदा. तुला रडले म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. वाटलं, ती चव तोंडात आली तर येईल. तू पाठवलेलं तोंडात आलं आणि पहिल्याच घोटाला कळलं की हे कुणी पाठवलं आणि का. आणि तेव्हा रडू आलं. मी तोंडात धरून ठेवलं ते त्यासाठी. ओनेलियाने तुला काही वेगळं लिहिलं असेल.

इदाल्मिस माझ्याशी मोजकं बोलते. काल म्हणाली, मला बाराकोआला जायचं आहे, तुझ्याबरोबर किंवा तुझ्याशिवाय. मी म्हटलं, माझ्याबरोबर. जानेवारीच्या सुरुवातीला निघतो.

तू म्हणालीस तर मी वेशीवर थांबेन आणि तिला एकटीला घरी पाठवेन. पण एक सांग. खरं कुठे आहे? ओतून दिलंस का? दिलं असशील तरी तुझा हक्क आहे. मला फक्त माहीत असायला हवं.

पाकिटावर मी ओरिएन्ते लिहिलं आहे. पोस्टात विचारलं तर म्हणाले, पोचेल.

मिग्दालिया


बाराकोआ, ओरिएन्ते, २० डिसेंबर १९७६

मिग्दालिया,

पत्र पोचलं.

ओनेलियाचं पत्र मी गल्लीत तिघींना वाचून दाखवलं. हसून हसून पुरेवाट झाली. साहेबांचं ‘वेगळंच आहे’ तर आता इथे पोरंसुद्धा म्हणतात. मग घरी येऊन मी तुझ्या तोंडाबद्दलचं एकटीने पुन्हा वाचलं, आणि ते कुणाला दाखवलं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी गोड लागलं. पण लागलं, मी खोटं बोलणार नाही. तुझ्यावरचा माझा राग संपलेला नाही. लवकर संपेल असंही दिसत नाही. तू इथे आलीस म्हणून मी तुला मिठी मारेन अशा समजुतीत राहू नकोस.

खरं मी ओतून दिलेलं नाही. नदीपर्यंत घेऊन गेले होते, बूचही काढलं होतं. पण त्याचा वास आला आणि हात चालेना. दुसऱ्या बुधल्यात भरून, आईची चिंधी त्याच्या गळ्यात बांधून, नीरफणसाखाली त्याच खड्ड्यात पुन्हा पुरलं आहे. मी जीभसुद्धा लावलेली नाही. ते पोरीचं आहे.

वेशीवर थांबायचे खेळ नकोत. दोघी घरी या. पोरीला सांग, ताडाची पानं आणून ठेवते, द्रोण वळायला मी शिकवेन.

बुधला पोर येईल त्या दिवशी काढू. पहिला पेला तिचा. मग गल्लीचा. आईला खांदा द्यायला आले होते त्या सगळ्यांना मी बोलावलं आहे, आणि कोण येणार आहे तेही सांगितलं आहे. सगळे पितील आणि तुझ्याकडे बघतील. तू सगळ्यांच्या शेवटी पिशील, तळाशी जे उरेल ते.

आणि पेले तू घासशील. सगळे. घरात नळ आलाय आता, पण तू अंगणात बसून घासशील, आई बसायची त्या दगडावर. कुणी तुला सांगणार नाही आणि कुणी थांबवणारही नाही. मी शेजारी बसून पुसत जाईन.

तुझी थोरली,
नेरेइदा